वही कोरी, म्हणजे दिवस वाया?

नवीन पनवेलला लागून असलेल्या विचुंब्यात इमारती उभ्या राहिल्या, तरुण कुटुंबं राहायला आली आणि नर्सरीच्या प्रवेशाची चर्चा घरोघरी सुरू झाली. मूल शाळेतून आलं की आधी दप्तर उघडलं जातं. वही कोरी दिसली की पालकांचा प्रश्न ठरलेला, ‘आज काही शिकवलंच नाही का?’

तीन वर्षांच्या मुलाने लिहायला हवं, हा सगळ्यांत घट्ट रुजलेला गैरसमज. मनगटात आठ लहान हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती जवळपास सगळी मऊ कूर्चाच असतात. तिसऱ्या वर्षापर्यंत त्यांतली साधारण तीनच हाडं तयार होऊ लागलेली असतात. शेवटच्याला आठ ते बारा वर्षंही लागतात. अशा हातात पेन्सिल कोंबून पानभर ‘अ’ गिरवून घेतला, तर मूल पेन्सिल मुठीत आवळतं, बोटं दुखतात आणि लिहिण्याचा कंटाळा तिथूनच सुरू होतो. कणकेचा गोळा मळणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, ओल्या मातीत रेघोट्या मारणं यांतून चिमूट घट्ट होते, डोळा आणि हात एकमेकांशी जुळतात. लिहिण्याची तयारी ती हीच.

आकड्यांचंही तसंच. पाहुण्यांसमोर पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘सात चिंचोके दे’ म्हणून पाहावं. तोंड पुढे पळतं, हात मागे राहतो. एक चिंचोका दोनदा मोजला जातो, एखादा सुटतो. एका वस्तूला एकच आकडा, हे कळायला वस्तू हातात घेऊन, मांडून, पुन्हा मोजाव्या लागतात. भातुकलीत चार बाहुल्यांना चार वाट्या मांडणारं मूल नेमकं हेच गणित करत असतं.

‘खेळातून शिकवणं हे परदेशी फॅड, मोठ्या फीच्या शाळांना परवडणारं,’ असंही म्हटलं जातं. महाराष्ट्राचा इतिहास वेगळं सांगतो. शिक्षणतज्ज्ञ माँटेसोरींच्या विचारांतून प्रेरणा घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवायची, असे प्रयोग तिथे झाले. महागड्या साधनांऐवजी खडे, बिया, पानं, शिंपले वापरले. अंगणवाडीची कल्पना या कामातून घडली आणि २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ती देशभर पोहोचली. आपल्याच मातीतलं हे काम पालकांना फारसं ठाऊक नाही, याची खंत वाटते.

खेळ म्हणजे मुलांना मोकाट सोडणं, असंही नाही. आज पाण्याचा टब आणि वेगवेगळे मग का ठेवायचे, ‘कशात जास्त मावेल?’ हे कधी विचारायचं, हे वर्गातल्या ताईंनी आधीच ठरवलेलं असतं.

मग पहिलीत मूल मागे पडेल, ही भीती? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या सेबॅस्टियन सुगेट यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचायला शिकलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षापर्यंत वाचनक्षमतेत फरक उरला नव्हता. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे पहिली-दुसरीही त्यातच आली. पहिलीच्या सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी ‘विद्या प्रवेश’ हा खेळांवर आधारित कार्यक्रमही आहे.

शाळेत रुळायला लागतं ते वेगळंच: शू लागली हे सांगता येणं, डबा स्वतः उघडणं, झोपाळ्यासाठी थांबणं, गोष्ट संपेपर्यंत ऐकणं. विचुंब्यात नर्सरी शोधणाऱ्या पालकांनी वह्या चाळण्याऐवजी अर्धा तास वर्गात बसू देता का, हे विचारावं. मुलं बोलतायत की नुसती गप्प बसलीयत, वाळू, पाणी, ठोकळे हाताला लागतील असे ठेवलेत की कपाटात कुलूपबंद आहेत, आणि रडणाऱ्या मुलाजवळ कोणी जाऊन बसतं का, एवढं तरी त्यात नक्की दिसतं.