सूचनेतला चकवा

लंडनच्या 'टाइम्स'मध्ये दर शनिवारी 'लिसनर क्रॉसवर्ड' नावाचं एक शब्दकोडं येतं. ते हातात घेतलेला माणूस बराच वेळ एकही अक्षर भरत नाही. चौकटीच्या वर चार-सहा ओळींची सूचना छापलेली असते, ती वाचत बसतो. 'काही क्लूंमध्ये एक अक्षर जास्तीचं आहे; ती अक्षरं क्रमानं लावल्यास पुढं काय करायचं ते कळेल; शेवटी सहा घरं बदलावीत आणि जे दिसेल ते रंगवावं.' ही सूचना माझ्या मनची आहे, पण ढंग हाच. काही म्हणजे किती? बदलायचं म्हणजे दुसरं अक्षर घालायचं की आपसात अदलाबदल करायची? आणि काहीच दिसलं नाही तर?

'लिसनर' हे बीबीसीचं साप्ताहिक 1929मध्ये निघालं. त्यात पहिलं कोडं आलं 2 एप्रिल 1930 रोजी. 1991मध्ये साप्ताहिक बंद पडलं, कोडं मात्र 'टाइम्स'च्या आश्रयाला गेलं. घर पडलं आणि देवघर तेवढं उरलं, अशातला प्रकार.

आपल्याकडच्या रोजच्या शब्दकोड्यात 'कमळ' असं विचारलं की 'पंकज' लिहायचं. इंग्रजांच्या 'क्रिप्टिक' कोड्यात प्रत्येक क्लूचे दोन भाग असतात : एक सरळ अर्थ, दुसरा शब्दाची मोडतोड. मराठीत करून पाहू; कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. 'गरीब, कारण नदी उलटी वाहिली (2)'. उत्तर 'दीन'. किंवा 'जंगलाला गंध. रामाच्या नशिबी आला तो (4)'. वन अधिक वास. मराठीत हा खेळ दोन-चार क्लूंपुरता रंगतो, पण अख्खी चौकट भरताना दमछाक होते. आडवा आणि उभा शब्द जिथं एकमेकांना छेदतात तिथं नुसता 'क' जुळून भागत नाही, काना-मात्रेसकट अख्खं अक्षर जुळावं लागतं. रोमन लिपीला ही अडचण नाही.

क्रिप्टिक कोड्याचा पहिला नावाजलेला छळवादी म्हणजे एडवर्ड पॉइस मॅथर्स. स्पेनच्या धर्मन्यायासनाच्या प्रमुखाचं, 'टॉर्केमाडा' हे नाव घेऊन तो 1926 ते 1939 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी घालत असे. 1934मध्ये त्यानं शंभर पानांची एक रहस्यकथा पानांचा क्रम मोडून छापली आणि वाचकांना सांगितलं, पानं लावा, सहा खून कोणी कोणाचे केले ते कळवा. त्या काळी फक्त दोघांना जमलं. टॉर्केमाडा विद्वान होता, पण न्यायाची त्याला फारशी पर्वा नव्हती. ती केली 'आफ्रिट' या नावानं लिहिणाऱ्या ए. एफ. रिची या मुख्याध्यापकानं. 1949च्या पुस्तकात त्यानं नियमच घातला : कोडं घालणाऱ्यानं वाचकाला खुशाल भलतीकडं न्यावं, पण कागदावरच्या शब्दांचा काटेकोर अर्थ लावला तर उत्तर तिथंच निघालं पाहिजे. टॉर्केमाडाच्या जागी आलेला 'झिमेनिस', म्हणजे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक डी. एस. मॅकनट, यानं 1966मध्ये त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. त्याच्यानंतर 1972पासून 'अझेड' आला. तेही देझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाचं रोमन लिपीत उलटं लिहिलेलं नाव.

तेव्हा क्लूच्या बाबतीत न्यायनिवाडा होऊन गेला. सूचनेचं काय? 'लिसनर'ची खरी गंमत तिथंच आहे. सूचना नेमकी असते, पण अपुरी असते. जास्त सांगितलं तर विषय फुटतो, कमी सांगितलं तर वाचक रानात फिरत राहतो. कोकणात ज्याला चकवा म्हणतात तो हाच : वाट असते, पण फिरून फिरून त्याच आंब्याखाली आणून सोडते.

मुरलेले लोक यातून वाट काढतात ती वकिलासारखी. सूचनेत 'उत्तर' म्हटलंय की 'भरायचा शब्द'? ही दोन वेगळी असू शकतात. उत्तर सात अक्षरांचं आणि घरं सहाच, असं सर्रास होतं. कंसातला आकडा यांपैकी कशाचा? शेवटी सगळे शब्द 'चेंबर्स' कोशात सापडणारे उरतील असं वचन दिलंय का? दिलं नसेल तर ते मुद्दाम. शीर्षकाकडेही बघायचं, ते कधीच नुसतं शोभेचं नसतं. आणि दोन अर्थ सारखेच पटत असले तर ज्या अर्थानं सूचनेतला एकही शब्द वाया जात नाही तो धरायचा. यज्ञाच्या संदिग्ध विधिवाक्यांचा अर्थ लावताना आपले मीमांसक हेच म्हणत आले, की वेदातला शब्द निरर्थक मानायचा नाही. यज्ञात चूक झाली तर फळ जातं. इथं एक घर चुकलं तरी पाठवलेली प्रवेशिका बाद. वर्षभर ज्याची कमीत कमी चुकतात त्याला चांदीचं तबक मिळतं. त्याचं नाव 'सॉल्व्हर सिल्व्हर सॅल्व्हर', तेही जीभ वळवणारं.

मी स्वतः शेवटापर्यंत क्वचित पोचतो. पण अर्ध्या वाटेवर ट्यूब पेटते त्या क्षणी सूचनेची तीच ओळ स्वच्छ दिसू लागते. एक शब्दही बदललेला नसतो.

संदिग्धता निभावता येते याचा सर्वांत देखणा दाखला मात्र अमेरिकेतला, आणि तो क्रिप्टिकही नाही. 5 नोव्हेंबर 1996, अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या कोड्यात जेरेमाया फॅरेल यांनी उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी विचारली. 'क्लिंटन' निवडून आले असं भरता येत होतं आणि 'बॉब डोल' असंही. दोन्ही नावं इंग्रजीत सात अक्षरांची. छेदणारे उभे शब्दही दोन्ही बाजूंनी बसत होते : हॅलोविनचा काळा प्राणी म्हणजे 'कॅट' किंवा 'बॅट'. पक्षपाताच्या तक्रारीही आल्या म्हणे, दोन्हीकडून.

याच्या उलट टोकाचा प्रकार आपल्या घरचा. बेंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातली आर. एम. डी. चमारबागवालांची बक्षिसी कोडी मुंबई राज्यात धडाक्यानं खपत. जागेत दोन शब्द सारखेच शोभत, पण 'बरोबर' तोच जो संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेला. डोकं कितीही चालवा, त्यांच्या मनातलं ताडायचं कसं? मुंबई सरकारनं कर लावला, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1957मध्ये निकाल लागला : हा जुगार आहे, राज्यघटनेचं संरक्षण असलेला व्यापार नव्हे. कोड्यात दोन अर्थ असण्याला माझी हरकत नाही. निवाडा चौकटीनं करायचा की कोणाच्या मनानं, एवढाच माझा प्रश्न.

पुन्हा सूचनेकडं वळू. जॉन ग्रॅहम नावाचे एक पाद्री 1958पासून 'गार्डियन'मध्ये कोडी घालत. टोपणनाव 'अराउकेरिया', म्हणजे इंग्रज ज्याला 'माकडाचं कोडं' म्हणतात ते झाड. 11 जानेवारी 2013च्या कोड्यावर त्यांची एक ओळीची सूचना होती. तिच्यात आकडेच आकडे : अराउकेरियाला 19चा 18 झाला असून त्यावर 13-15 हा उपचार चालू आहे. नेहमीचीच खोड समजून लोक आधी चौकटीकडं वळले. 18 आलं कॅन्सर. 19 अन्ननलिका. 13-15 पॅलिएटिव्ह केअर. मग सूचना पुन्हा वाचली.

ते 91 वर्षांचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले.