ट्रेलर किती फुटी घ्यावा?

धाराशिव जिल्ह्यातून आज तीन मोठे महामार्ग जातात. सोलापूर-धुळे हा ५२ क्रमांकाचा रस्ता तुळजापूर, धाराशिव, येडशीवरून बीडकडे जातो. पुणे-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा रस्ता नळदुर्ग आणि उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरतो. तुळजापूरला फुटणारा ३६१ क्रमांकाचा रस्ता लातूर-नांदेडमार्गे नागपूरची वाट धरतो. रस्ते रुंद झाले तसा इथल्या ट्रकवाल्या तरुणांच्या मनात ट्रेलर घोळू लागला. कर्ज काढून पहिला ट्रेलर घेणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: वीस फुटी घेऊ की चाळीस फुटी? आणि अड्ड्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: मोठाच घे, लहान माल मोठ्यावर बसतो, मोठा माल लहानावर बसत नाही. ऐकायला हे पटतं. मला मात्र हा सल्ला नुकसानीत घालणारा वाटतो. लांबीचा हिशेब सगळ्यात शेवटी करायचा असतो. त्याच्या आधी ॲक्सल येतो आणि वळण येतं.

हा हिशेब याच मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने फार देखणा मांडून दाखवला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा त्याचा कर्ता आणि बार्शी लाइट रेल्वे हे त्याचं काम. अडीच फूट रुंदीची ही रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली आणि पुढे येडशी, ढोकी ही गावं घेत १९११ साली लातूरला पोचली. पैसा कमी, त्यामुळे रूळ हलके. हलक्या रुळांवर जास्त माल कसा न्यायचा? कॅलथ्रॉपने आधी एका ॲक्सलवर किती भार पडू द्यायचा ते ठरवलं: पाच टन. इंजिन असो की डबा, प्रत्येक ॲक्सलवर तेवढाच. मग मालडब्यांसाठी एकच सांगाडा नक्की केला, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. तो दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा होता, म्हणून डब्याचं स्वतःचं वजन घटलं आणि घटलेल्या वजनाच्या जागी माल बसला. इतक्या अरुंद रुळावर, बालाघाटाच्या चढावर, ही गाडी शतकभर चालली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि धाराशिव शहरही रेल्वेच्या नकाशावर आलं. आधी भार, मग सांगाड्याची लांबी, हा कॅलथ्रॉपचा क्रम आजच्या ट्रेलरलाही तंतोतंत लागू पडतो.

कायदाही वजन ॲक्सलवरच मोजतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवल्या. त्यानुसार पुढच्या ॲक्सलला ७ टन, चार टायरांच्या एका ॲक्सलला ११.५, जोड ॲक्सलला २१ आणि तिहेरी ॲक्सलला २७ टन. आता बेरीज करून बघा. साध्या चार-दोनच्या घोड्यामागे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या दोन ॲक्सलच्या पुढच्या गाडीमागे, दोन ॲक्सलचा ट्रेलर जोडला तर गाडीसकट एकूण वजन ३९.५ टनांपर्यंत. तोच घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर, ४५.५ टन. दहा टायरी घोडा आणि तीन ॲक्सल, ५५ टन. या तिन्ही गाड्यांचा ट्रेलर चाळीस फुटीच असू शकतो. म्हणजे नुसत्या फुटांवरून गाडी किती माल ओढेल हे कळतच नाही.

मग चाळीस फूट कशाला लागतात? जालन्याहून आपल्याकडे येणारी सळई घ्या. बांधकामाची सळई साधारण १२ मीटरची निघते, म्हणजे चाळीस फुटांना थोडी कमी. तीस टन सळई चाळीस फुटी फळीवर पसरली तर थर जेमतेम वीतभर उंचीचा होतो. इथे लांबी हवी ती सळई सरळ राहावी म्हणून. तोकड्या गाडीवर ती दुमडून आणतात, मग साइटवर ती पुन्हा सरळ करावी लागते आणि त्या दुमडीपाशी पोलादावर ताण पडून गेलेला असतो. टोकं गाडीच्या मागे काढून चालणं तर जीवघेणं. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला रात्री ती दिसतही नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात यासाठी २० हजार रुपये दंड आहे. जादा वजनालाही तेवढाच, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार. माझ्या मते सळईसाठी तोकडी गाडी वापरणं बंदच व्हायला हवं.

आता वळण. ट्रेलरची मागची चाकं घोड्याच्या चाकोरीतून जात नाहीत, ती आत कापतात. किंगपिनपासून, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडतात त्या खिळीपासून, मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर दुप्पट झालं की हे कापणं जवळजवळ चौपट होतं. साडेबारा मीटर त्रिज्येचं वळण धरा. हे अंतर ४ मीटर असेल तर चाकं पाऊण मीटरही आत येत नाहीत. ८ मीटर असेल तर जवळपास ३ मीटर आत येतात. महामार्गावर याने काही बिघडत नाही. पण माल काही महामार्गावर उतरत नाही. तो परंड्याच्या पेठेत, भूमच्या गल्लीत, कळंबच्या एखाद्या दुकानामागे उतरतो, आणि तिथे तीन मीटर म्हणजे कुणाची तरी ओसरी. सिमेंट आणि खताची पोती, मोटारी, पाइपांची छोटी खेप अशा मालाला गावात शिरणारी आखूड गाडीच कामाची.

पोकलेनचा प्रश्न वेगळा. वीस टनी पोकलेन वाहतुकीच्या स्थितीत साडेनऊ मीटरच्या आसपास लांब आणि तीनेक मीटर उंच. चाळीस फुटी हाय-बेडवर लांबीने ते आरामात मावतं, पण फळीच जमिनीपासून दीडेक मीटर वर असते. एकूण उंची साडेचार मीटरवर गेली की वाटेतली प्रत्येक तार आणि झाडाची फांदी धोक्याची. इथे बुटक्या फळीचा लो-बेडच हवा. शिवाय रुंदी नेहमीच्या २.६ मीटरच्या मर्यादेबाहेर जाते, म्हणून ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापांबाहेरच्या मालाची, परवानगीही हवी.

लांबी आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते आपल्या जिल्ह्यातल्या पवनचक्क्यांच्या कामात. आजच्या मोठ्या पवनचक्कीच्या चक्राचा व्यास १४० मीटरच्या वर जातो, म्हणजे एकेक पातं सत्तर मीटरच्या घरात. पण ते फायबरचं, आतून पोकळ, लांबीच्या मानाने हलकं. त्याच पवनचक्कीचं वर बसणारं यंत्रघर लांबीला थोडकं आणि वजनाला प्रचंड. पात्यासाठी ओढून लांब करता येणारा ट्रेलर लागतो, यंत्रघरासाठी अनेक ॲक्सलचा बुटका. पात्याच्या ट्रेलरची मागची चाकं वेगळी वळवता येतात आणि त्यासाठी अवघड वळणावर एक माणूस हातात रिमोट घेऊन गाडीमागे पायी चालतो. त्याआधी सर्व्हेवाले सगळा रस्ता पायाखाली घालतात: कोणत्या पुलाला किती भार पेलतो, कुठली तार उचलावी लागेल, कोणत्या वळणावर शेतकऱ्याची परवानगी घेऊन बांध सपाट करावा लागेल. गाडी त्यानंतर निघते.

एवढी काळजी एका पात्यासाठी घेतली जाते, तर पंधरा-वीस वर्षांची कमाई लावून घेतलेल्या ट्रेलरसाठी का नको? बुकिंगची रक्कम भरण्याआधी कायम मिळणारा माल कोणता आणि परतीचं भाडं कशाचं, ते कागदावर लिहा. माल उतरतो त्या शेवटच्या दोन किलोमीटरवर टेप घेऊन जा आणि सगळ्यात वाईट वळण मोजा. मग ॲक्सल ठरवा, मग फळीची उंची, आणि त्यानंतरच फूट. जालन्याची सळई आणि चाळीस फुटी कंटेनर हेच रोजचं काम असेल तर चाळीस फुटी, तीन ॲक्सलचा ट्रेलर घ्या. बाजारपेठेत माल पोचवायचा असेल तर आखूड गाडी घ्या. आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या लांब मालासाठी गाडी विकत घेऊ नका, भाड्याने आणा.