आकार तसाच, तरीही

द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात गाडी पुढच्या ट्रकवर आदळली, तेव्हा माझी मावसबहीण पुढच्या सीटवर होती. पट्ट्याने जीव वाचला; छातीवर तिरका काळानिळा वळ उठला. लोणावळ्यात एक्स-रे काढला, बरगड्या शाबूत. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर डावीकडे सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले आहे, हे मात्र दीर शेजारी उभे म्हणून तिने डॉक्टरांना सांगितलेच नाही. मला सांगितले, तेही आठवड्याने.

मग मी वाचायला बसले. मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट फुटले तर काही दिवसांत स्तन उतरतो, बाईला स्वतःलाच कळते. जेलचे तसे नाही. शरीर इम्प्लांटभोवती आपले एक आवरण तयार करते. आतली पिशवी फाटली तरी जेल बहुधा त्या आवरणातच राहते. आकार तोच, कित्येकदा दुखतही नाही. हाताने चाचपून भरवसा धरता येत नाही आणि बरगड्यांच्या एक्स-रेत ही फाट कळत नाही. आधी सोनोग्राफी, शंका उरली तर एमआरआय. एवढ्यासाठी कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन लागत नाही. फाटलेली पिशवी जेलमध्ये खिरीतल्या शेवयांसारखी वळ्या पडून तरंगताना दिसते.

पुण्याला एमआरआय झाला. शेवया नव्हत्या. इम्प्लांटचा प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड इतकी वर्षे कपाटात साड्यांच्या घडीखाली होते; आता ते तिच्या पर्समध्ये असते.