सोडून दिलेल्या उद्दिष्टाचे पुनरुज्जीवन : दादासाहेब फाळके यांच्या चरित्राच्या आधारे एक विचार

मनुष्य एखादे उद्दिष्ट मनाशी धरतो, काही काळ त्याचा पाठपुरावा करतो आणि मग कोणत्या तरी कारणाने ते सोडून देतो. व्यवहारात या घटनेस आपण ‘नाद सोडला’ असे म्हणतो. परंतु नाद सोडल्याने उद्दिष्ट मनातून खरोखर नाहीसे होते काय, आणि पुढे ते पुन्हा हाती घेतले असता माणसास नवी उमेद का लाभते, हे प्रश्न अभ्यासकाने विचारात घेण्याजोगे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार नाशिकशी निगडित असलेल्या एका चरित्राच्या आधारे करावयाचा आहे. ते चरित्र धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे होय.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, जादूचे प्रयोग आणि मुद्रण अशा अनेक विद्या त्यांनी हाताळल्या. भागीदारांशी न पटल्यामुळे मुद्रणाचा धंदा सोडावा लागला, त्यानंतर १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चलच्चित्र त्यांच्या पाहण्यात आले. पौराणिक कथा याच रीतीने पडद्यावर आणण्याचा त्यांनी निश्चय केला. १९१२ मध्ये विमापत्रे तारण ठेवून ते लंडनला गेले आणि कॅमेरा व आवश्यक ते ज्ञान घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड व चित्रनिर्मितीचे काम नाशिकला हलविले. १९१७ च्या ‘लंकादहन’ या चित्रपटाने त्यांस मोठी लोकप्रियता मिळवून दिली.

१९१८ मध्ये नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भांडवल भागीदारांचे आणि कला फाळके यांची, अशी ही व्यवस्था होती. खर्च, वेळ आणि कामावरील नियंत्रण यांविषयी लवकरच मतभेद निर्माण झाले. १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ या चित्रपटास उत्तम यश लाभले असतानाही फाळके यांनी कंपनीचा त्याग केला आणि ते सहकुटुंब काशीस जाऊन राहिले. उद्दिष्ट सोडण्याची ही घटना अपयशातून घडलेली नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेविली पाहिजे.

अपुऱ्या कार्याचे मनावर काय परिणाम होतात, याचा पद्धतशीर अभ्यास बर्लिन येथे कुर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झाला. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे प्रतिपादन केले की, मध्येच थांबविलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक स्मरणात राहतात. हा निष्कर्ष पुष्कळ प्रसिद्ध झाला. तथापि पुढील संशोधनात तो सातत्याने टिकलेला नाही. मारिया ओव्स्यांकिना यांचा १९२८ चा निष्कर्ष त्या मानाने कमी परिचित, परंतु अधिक भक्कम ठरला आहे. काम अपुरे टाकून मोकळीक मिळालेली माणसे, कोणी सांगितले नसतानाही, बहुधा त्या कामाकडे पुन्हा वळतात. प्रयोगशाळेतील काही मिनिटांवरून आयुष्यातील वर्षांविषयी थेट अनुमान काढणे धाडसाचे होईल. मात्र अपुरे कार्य मनात एक ताण मागे ठेवते, ही कल्पना चरित्राचा अर्थ लावताना उपयोगी पडते.

लेविन यांच्याच शिष्यवर्गातील केटे लिस्नर यांनी १९३३ मध्ये पुढचा प्रश्न विचारला. अपुऱ्या कामाऐवजी दुसरे काम पूर्ण करू दिल्यास हा ताण निवळतो काय? त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की, पर्यायी काम मूळ कामाशी जितके सदृश असेल तितका तो पर्याय परिणामकारक ठरतो. या दृष्टीने काशीतील वास्तव्य पाहण्यासारखे आहे. तेथे फाळके यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. रंगभूमीच्याच स्थितीवर टीका करणाऱ्या या नाटकाचे प्रयोग १९२२ मध्ये झाले, परंतु त्यास फारसा प्रतिसाद लाभला नाही. नाटक व चित्रपट या भगिनी कला खऱ्या. पण कॅमेरा, रसायने आणि पडद्यावरील चमत्कार यांत रमणाऱ्या हातास लेखणीचा पर्याय पुरेसा झाला नसावा, असे मानण्यास जागा आहे.

याच सुमारास ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळके यांस परत येण्याची विनंती केली. चित्रपटव्यवसायापुरते आपण मृत झालो आहोत, अशा आशयाचे उत्तर फाळके यांनी पाठविले. कोल्हटकरांनी ते पत्र त्यांच्या संमतीने प्रसिद्ध केले. त्यावर वाचकांची अनेक पत्रे आली आणि पुनरागमनाचा आग्रह झाला. १९२२ मध्ये फाळके नाशिकच्या कंपनीत निर्मितिप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून परत आले.

या परिवर्तनाचा उलगडा करण्यास सी. आर. स्नायडर यांची आशेविषयीची उपपत्ती साहाय्यक होते. त्यांच्या मते आशा ही केवळ भावना नसून तीत दोन घटक असतात : ‘हे मला करता येईल’ ही कर्तृत्वबुद्धी आणि ‘ते अमुक वाटेने करता येईल’ ही मार्गबुद्धी. काशीस गेलेल्या फाळके यांचे कौशल्य उणावले नव्हते. मार्ग मात्र बंद झाला होता. आपल्या कलेची लोकांस गरज आहे हे वाचकांच्या पत्रांनी दाखविले, म्हणजे पहिल्या घटकास बळ दिले. कंपनीतील नव्या पदाने दुसरा घटक पुरविला. केवळ प्रोत्साहनाने हे कार्य झाले असते असे वाटत नाही, आणि ज्यास मनातून कोणी पुकारीत नाही त्यास नुसते पदही उपयोगाचे नसते.

येथे उद्दिष्टाचे तीन पदर वेगळे करणे आवश्यक आहे : साध्य, साधन आणि संबंध. चित्रपटनिर्मिती हे साध्य, भांडवल व यंत्रसामग्री हे साधन, आणि भागीदार हे संबंध. १९१९ मध्ये तुटला तो तिसरा पदर. परंतु त्यागाच्या क्षणी तिन्ही पदर एकच भासतात आणि माणूस ‘सर्व संपले’ असे म्हणतो. पुनरुज्जीवनाचा आरंभ, आमच्या मते, हे पदर निराळे ओळखण्यात आहे.

तथापि पुनरुज्जीवन म्हणजे पूर्ववैभवाची पुनःप्राप्ती नव्हे. १९२२ नंतर फाळके यांनी अनेक चित्रपट केले, पण ‘लंकादहन’च्या वेळचे स्थान त्यांस पुन्हा लाभले नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचे युग संपत आले. त्यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटास मागाहून ध्वनी जोडून तो १९३४ मध्ये प्रदर्शित करावा लागला. तरीही सत्तरीकडे झुकलेल्या वयात, कोल्हापुरात राहून, त्यांनी ‘गंगावतरण’ हा आपला एकमेव मूळ बोलपट १९३७ मध्ये पूर्ण केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. पुन्हा हाती घेतलेल्या उद्दिष्टाने त्यांस कीर्ती वा संपत्ती फारशी दिली नाही. त्याने दिले ते काम.

प्रत्येक त्याग परत घ्यावा, असा याचा अर्थ नाही. कार्स्टन व्रॉश व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखविले की, असाध्य उद्दिष्टे सोडता येणे आणि नव्या उद्दिष्टांकडे वळता येणे, या दोन्ही क्षमता मानसिक स्वास्थ्याशी निगडित आहेत. म्हणून विवेकाचा प्रश्न असा उरतो : आपण सोडले ते साध्य, की त्याच्या भोवतीची परिस्थिती? साध्यच निर्जीव झाले असेल तर ते सोडणे शहाणपणाचे. पण कपाटात अपुऱ्या राहिलेल्या प्रबंधाचा विषय अद्याप मनास टोचत असेल, आणि खंड पडला तो मार्गदर्शक, पैसा वा प्रकृती यांच्या अडचणीमुळे, तर तो विषय मृत मानण्याची घाई संशोधकाने करू नये. नवा मार्ग कदाचित पूर्वीपेक्षा अरुंद असेल आणि त्यावरील स्थान पूर्वीपेक्षा लहान असेल. फाळके १९२२ मध्ये परतले ते अशाच मार्गाने होय.