लिओ वराडकर : अडीच वर्षांच्या वाटणीतून दुसऱ्यांदा पंतप्रधान

मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांच्या वाटणीवरून २०१९ मध्ये महाराष्ट्रातली जुनी युती तुटली. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये अशीच वाटणी ठरली आणि पाळलीही गेली. त्यातूनच मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी नाते असलेला एक डॉक्टर दुसऱ्यांदा त्या देशाचा पंतप्रधान झाला.

लिओ वराडकर यांचा जन्म १८ जानेवारी १९७९ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील अशोक वराडकर मुंबईत जन्मलेले डॉक्टर, तर आई मिरियम आयरिश परिचारिका. २००३ मध्ये ट्रिनिटी कॉलेजातून लिओ डॉक्टर झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातही त्यांनी काही काळ प्रशिक्षण घेतले होते.

भारतीय वंशाचे पंतप्रधान परदेशात याआधीही झाले होते, पण त्यांची वाट वेगळी होती. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून गिरमिटिया मजूर गेले. त्यांच्या वंशजांपैकी बासदेव पांडे १९९५ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा भारतीय वंशाचा मोठा मतदारवर्ग त्यांच्या मागे होता. वराडकरांच्या मागे असा समाज नव्हता. त्यांची शिडी होती ती पक्ष. फिन गेल पक्षाचे नगरसेवक, २००७ मध्ये खासदार आणि २०११ पासून वाहतूक, आरोग्य, समाजकल्याण अशा खात्यांचे मंत्री, अशा पायऱ्या ते चढत गेले. आपण समलिंगी असल्याचे त्यांनी २०१५ मध्ये आपल्या वाढदिवशी रेडिओवर सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात आयरिश जनतेने सार्वमताने समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

२०१७ मध्ये पक्षनेत्याची निवडणूक झाली. सामान्य सदस्यांची सुमारे ६५ टक्के मते प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना मिळाली. मात्र पक्षाच्या नियमांनुसार ६५ टक्के वजन खासदारांच्या मतांना होते, आणि बहुतेक खासदार वराडकरांच्या बाजूचे. १४ जून २०१७ रोजी, वयाच्या ३८व्या वर्षी, ते पंतप्रधान झाले. त्यांच्या काळात २०१८ च्या सार्वमताने गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठली. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत आयर्लंड बेटावर पुन्हा सीमा-चौक्या उभ्या राहू नयेत, यासाठी ते अडून राहिले.

२०२० च्या निवडणुकीत १६० पैकी ३५ जागा मिळवून फिन गेल तिसऱ्या क्रमांकावर गेला. तेव्हा जवळजवळ शतकभराचा प्रतिस्पर्धी फियाना फॉल आणि ग्रीन पक्ष यांच्याशी त्याने आघाडी केली. करार लेखी होता, पक्षांच्या सदस्यांनी मतदानाने मंजूर केलेला. त्यानुसार आधी मिहॉल मार्टिन पंतप्रधान आणि वराडकर उपपंतप्रधान झाले. १७ डिसेंबर २०२२ रोजी दोघांनी खुर्च्या बदलल्या.

मार्च २०२४ मध्ये वराडकरांनी राजीनामा जाहीर केला आणि एप्रिलमध्ये सायमन हॅरिस यांनी सूत्रे घेतली. पक्षाला सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्या क्रमांकावर न नेताही वराडकर दोनदा पंतप्रधान झाले : एकदा पक्षाच्या मतदानाने, एकदा कराराने. २०२४ च्या निवडणुकीनंतर मार्टिन आणि हॅरिस यांनीही पंतप्रधानपदाच्या वाटणीचा तसाच करार केला.