विश्लेषण : दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होतो का?

डोके दुखले की पॅरासिटामॉल, कंबर धरली की आयबुप्रोफेन आणि एकीने भागले नाही तर दोन्ही! अनेक घरांत हा हिशेब ठरलेला असतो. पण दोन गोळ्यांच्या परिणामाची नुसती बेरीज होते, की त्याहून जास्त काही घडते? संशोधकांनी याचे उत्तर उंदरांवरील प्रयोगांतून शोधले आहे.

प्रयोग कसा होतो?

उंदराच्या पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचले जाते. वेदनेने तो अंग पिळवटतो, मागचे पाय ताणतो. ठरावीक वेळेत असे किती वेळा होते, ते मोजतात. हा आकडा निम्म्यावर आणणारी औषधाची मात्रा मग शोधली जाते.

हिशेब कसा मांडतात?

समजा, त्यासाठी ‘अ’ औषध १०० मिलिग्रॅम किंवा ‘ब’ औषध ४० मिलिग्रॅम लागते. नुसती बेरीज होत असेल, तर ५० मिलिग्रॅम ‘अ’ आणि २० मिलिग्रॅम ‘ब’ एकत्र दिल्यास तेवढाच परिणाम दिसेल. त्याहून कमी मात्रेत काम झाले, तर औषधे एकमेकांचे बळ वाढवतात. चिलीतील संशोधकांच्या २००६ च्या अभ्यासात पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन देऊन हेच दिसले.

असे का होते?

आयबुप्रोफेनसारखी औषधे दुखऱ्या जागी सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स कमी करतात. पॅरासिटामॉलचे काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालते. म्हणजे वेदनेला दोन ठिकाणी अडवले जाते.

मग कोणत्याही दोन गोळ्या चालतील?

नाही. अक्कलदाढ काढल्यावर पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन जोडीचा फायदा माणसांतही दिसला आहे. पण आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एकाच मार्गाने काम करतात. ती एकत्र घेतल्यास आराम फारसा वाढत नाही. जठरात रक्तस्राव आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम असलेली गोळीही होती.

काय लक्षात ठेवाल?

सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. निरोगी प्रौढांसाठी त्याची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ती जवळपास गाठली जाते. त्यापुढे यकृताला धोका असतो. त्यामुळे दुसरी गोळी घेण्याआधी स्ट्रिप उलटून त्यातील घटक वाचा. मूत्रपिंड, यकृत किंवा अल्सरचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.