शाळेचा निकाल आणि उसाचा उतारा



पोरांनी पुण्याच्या हायस्कुलात शिकावे म्हणून आपल्यापैकी अनेकजण उसाच्या बिलातून शहरात खोलीचे भाडे भरतात. पुणे विद्येचे माहेरघर खरेच. चिपळूणकर-टिळकांचे न्यू इंग्लिश स्कूल तेथे १८८० साली निघाले. पण नुसत्या नावावर किंवा शंभर टक्के निकालाच्या फलकावर भुलू नये.

साखरेचा उतारा एकट्या यंत्रावर ठरत नाही. ऊस कसा आला, तेही पाहावे लागते. शाळेचेही तसेच. निवडून हुशार मुलेच घेतली, तर निकाल चांगला लागणारच! काही ठिकाणी कच्च्या मुलांना नववीतच थांबवतात, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवतात. मग ती शाळेच्या निकालात दिसतच नाहीत. शिवाय बहुतेक विषयांत लेखी परीक्षा ८० गुणांची. तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेचे २० गुण शाळाच देते, आणि पास व्हायला ३५ पुरतात.

म्हणून नाव घालण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात :

१) आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती दहावीला बसली?
२) गणित-विज्ञानाला कायमचे शिक्षक आहेत का?
३) प्रयोगशाळेत मुले स्वतः प्रयोग करतात, की तिला कुलूपच असते?
४) मागे पडलेल्या मुलासाठी शाळा काय करते?

सामान्य मुलाला वर काढते ती शाळा चांगली, असे आम्ही मानतो. मग ती महापालिकेची असो वा आपल्या गावची. गावचीच या कसोटीला उतरली, तर खोलीचे भाडे वाचेल ते वेगळेच.